दारापासून दारापर्यंत

"बाबा गेले रे," आई फोनवर एवढंच म्हणाली. मग काकांनी तिच्या हातातून फोन घेतला, कारण घरातल्या कुठल्याही प्रसंगाची सूत्रं त्यांच्याच हातात असत. सकाळचे आठ वाजले होते.

"तुला यायला किती वेळ लागेल?"

"पावणेदोन तास," चिरंजीव रडत रडत म्हणाले.

हे उत्तर त्यांच्या तोंडात बसलं होतं. दोन शहरांत अंतर अकराशे किलोमीटर, विमानाला पावणेदोन तास. "कधीही येता येतं, बाबा," असं ते तीन वर्षं सांगत होते आणि म्हणूनच एकदाही आले नव्हते. बाबांचा सगळा जन्म बस आगारात वेळापत्रकं लावण्यात गेला होता. ते विचारायचे, "विमान काय तुझ्या दारातून सुटतं?" चिरंजीव हसून विषय बदलायचे.

"मग शववाहिनीची गाडी दोनची सांगतो," काका म्हणाले. "पण दोन म्हणजे दोन. मी कुणासाठी थांबणार नाही."

टॅक्सी अर्ध्या वाटेवर पोचली तेव्हा चिरंजीवांना आठवलं, ओळखपत्र घरीच राहिलं. परत फिरले. तोवर दहाचं विमान गेलं. पुढचं साडेबाराचं. तिकीट खिडकीतल्या बाईंपुढे त्यांनी हात जोडले.

"वडील वारलेत हो माझे."

"फार वाईट झालं, सर. मधली सीट चालेल?"

साडेबाराचं विमान वेळेवर उभं होतं, फक्त वैमानिक नव्हता. तो दुसऱ्या विमानाने येत होता आणि त्या विमानाला उशीर झाला होता. चिरंजीवांनी काकांना फोन लावला.

"काका, थोडं थांबा ना!"

"पावणेदोन तास म्हणाला होतास. आता एक वाजलाय. चालत येतोयस का?"

तेवढ्यात फोनची बॅटरी संपली.

विमान अडीचला सुटलं. उतरल्यावर टॅक्सी खोदलेल्या रस्त्यात तासभर अडकली. साडेपाचला चिरंजीव जिना चढले. दार बंद होतं, आत आवाज नव्हता. सगळं आटोपलं असणार. बेलवर बोट ठेवलं, पण दाबवेना. बाबांना शेवटचं बघणंही आपल्याला जमलं नाही, या विचाराने ते पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले.

मग दार उघडलं.

"ये आत," आई म्हणाली. "आहेत अजून."

बाबा पांढऱ्या चादरीखाली शांत होते. काका कोपऱ्यात धुमसत होते. "वहिनींनी परस्पर सहाची गाडी सांगितली! मी दोनपासून खिडकीत उभा!"

आईने एक घडी घातलेला कागद चिरंजीवांच्या हातात दिला. बाबांचं ठाशीव अक्षर, आगारातल्यासारखे आखलेले रकाने. वर लिहिलं होतं, 'माझ्या वेळी हा पावणेदोन तास सांगेल. ते धरू नये.' खाली सगळं होतं: ओळखपत्र विसरून परत फिरणं (हा विसरणारच), चुकलेलं विमान, उशिरा सुटलेलं विमान, रस्त्याचं काम. एकूण नऊ तास चाळीस मिनिटं.

चिरंजीवांनी घड्याळ पाहिलं. पाच चाळीस.

तळाशी शेवटची नोंद होती: 'दाराबाहेर रडणं, दहा मिनिटं. तोवर कुणी दार उघडू नये.'