भिंतीवरचे गोविंदराव

कर्वेनगरच्या सोसायटीत मी राहायला आलो, त्या दिवशी शेजारचे सदाकाका पटवर्धन टेप घेऊन लिफ्ट मोजत होते. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "आपल्याला जिन्यानंच न्यावं लागेल. लिफ्टमध्ये तिरडी मावत नाही." ही आमची पहिली ओळख.

काका व्यंगचित्रकार. मृत्यू सोडून दुसऱ्या विषयावर त्यांनी कधी रेघ ओढली नाही. कुणाचाही वाढदिवस असो, ते त्याच्या दहाव्याचं चित्र भेट देतात. माझ्या चित्रात कावळा काही केल्या पिंडाला शिवत नाही. शेवटी बायको हात जोडून म्हणते, "पार्किंगचं भांडण मी पुढे चालवीन," तेव्हा कुठे तो चोच लावतो. बायकोनं ते कौतुकानं फ्रिजवर चिकटवलंय.

त्यांचं नाव झालं ते 'कैलासवासी गोविंदरावां'मुळे. हे गृहस्थ हार घातलेल्या फोटोतून संसारात नाक खुपसतात. "गॅस बंद केलास का?" असं ते भिंतीवरून ओरडतात आणि खाली त्यांची बायको, माई, चहा ओतत म्हणते, "तुम्ही गेलात ना? मग गप्प बसा." दिवाळी अंकांतून हे वर्षानुवर्षं चाललं. पुढे त्याचं नाटक झालं. त्यात गोविंदराव गायचे. "मेल्यावर गळा सुधारतो हे मला माहीत नव्हतं," काका म्हणाले. मालिकेत गोविंदरावांचा पुनर्जन्म झाला, तेव्हा तर काका कडाडले, "माणसाला धड मरूही देत नाहीत!" आता गोविंदराव मोबाइलच्या स्टिकरांवरही आहेत. ते मात्र काका स्वतःच सगळ्यांना पाठवत असतात.

गेल्या महिन्यात वेब सिरीज काढणारी एक मुलगी आली. करार वाचायला काकांनी मला बोलावलं. सगळं मनासारखं होतं. काका इतके खूश, की चहाबरोबर चक्क बाकरवडी आली. ते सही करणार एवढ्यात ती म्हणाली, "आणि काका, लास्ट एपिसोडमध्ये माई जातात. भिंतीवर दोन फोटो, शेजारी शेजारी. लोक रडतील!"

काकांनी पेनाला टोपण लावलं. "मग सिरीज नको."

"पण काका, तुमचा ह्यूमर तर डार्कच आहे ना?"

मलाही राग आला. एवढी चालून आलेली संधी! म्हटलं, "काका, अहो, चित्रातलीच बाई ती."

काकांनी बाकरवडीची बशी बाजूला सारली. मग म्हणाले, "आमची ही गेली, तेव्हा तिच्या फोटोला हार घालायला मी स्टुलावर चढलो. हात पुढे जाईना. तसाच उतरलो आणि कागद घेतला. तिला खाली चहा करायला बसवलं. फोटोत कुणीतरी हवंच होतं, म्हणून मी जाऊन बसलो."

मुलीनं आपल्या वहीतला तो शेवट खोडला आणि हळूच विचारलं, "मग शेवटी काय दाखवू, काका?"

"ती मला रागावतेय असं दाखव," काका म्हणाले. "फार छान रागवायची."