दत्तूभाऊंची तिसरी उचल

दत्तूभाऊ माणसाचं नाव विसरतात, वजन विसरत नाहीत. सेलूच्या बाजारात कुणी नमस्कार केला की ते त्याला वरपासून खालपर्यंत एकदा बघतात आणि म्हणतात, "एकाहत्तर. उन्हाळ्यात अडुसष्ट व्हते तुमी." बहुतेक वेळा ते बरोबर निघतं, हीच पंचाईत. भाचीच्या लग्नात त्यांनी वरमाईला भर मांडवात "ब्याऐंशी" असं सांगितलं. पुढचं लग्न आम्ही शेजाऱ्यांनी कसंबसं पार पाडलं.

मी निवृत्त शिक्षक, त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. माझ्याकडचे उरलेसुरले खडू त्यांनीच संपवले. गॅसची टाकी असो की पाण्याचा माठ, तळहाताला खडूची भुकटी चोळल्याशिवाय ते हात लावत नाहीत. "घामट हातानं वजनाला शिवू न्हाई," म्हणतात.

तरुणपणी ते कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. काम सुटलं की बैलगाडीच्या आसाला दोन्ही टोकांना जात्याचे दगड अडकवून ते डोक्यावर घ्यायचे. तिथून जिल्हा, मग विभाग, आणि शेवटी राज्य स्पर्धा. त्या स्पर्धेची हकिकत मात्र वहिनीच सांगतात. वीस वर्षं झाली, मी ती चहाबरोबर ऐकतो.

"तिसऱ्या खेपेला ह्यांनी लय जड वजन डोईवर घेतलं. मानंच्या शिरा टरारल्या, डोळे लालभडक. मी वरडले, 'अवो, ठिवा की खाली.' ठिवलं बिचाऱ्यांनी. न्हाईतर मानच मोडली असती. आन् एवढं उचलून बी पदक दिलं न्हाई त्या पंचांनी."

"बेइमान व्हते पंच," दत्तूभाऊ मान डोलवतात. मीही त्या न पाहिलेल्या पंचांना वीस वर्षं मनसोक्त शिव्या घातल्या.

परवा त्यांच्याकडे टीव्हीवर वजन उचलण्याची स्पर्धा लागली होती. वहिनी आत चहा टाकत होत्या. एका गड्यानं वजन डोक्यावर घेतलं आणि लगेच खाली टाकलं. तिन्ही पंचांचे दिवे लाल. समालोचक सांगत होता, पंचांनी इशारा करेपर्यंत वजन वर धरावंच लागतं. आधी ठेवलं तर उचल बाद.

मी दत्तूभाऊंकडे पाहिलं. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"तुम्हाला हा नियम माहीत नव्हता?"

"व्हता की."

"मग?"

ते स्वयंपाकघराकडे बघत हळूच बोलले, "लग्नाला तीन महिने झाले व्हते. घर माणसांनी भरलेलं. ही माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. बहिणीनं बळंच संगं आणलं व्हतं तिला. आन् एवढ्या लोकांदेखत ही मला 'अवो' म्हनली. पैल्यांदाच. मंग पंचाकडं कोन बघतंय, गुरुजी?"

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. लय दिवस वाटलं."

"मग आता तरी सांगा त्यांना. इतकी वर्षं झाली."

"येडे हाव का तुमी? आपल्या वरडण्यानं ह्यांचं पदक गेलं, असं कळलं तर ती पुन्हा गप बसंल."

आतून कपबशांचा आवाज जवळ आला. मी उठून टीव्ही बंद केला.