ओबैद सरदारांच्या थडग्यावरील नावे उतरविल्याची हकीकत

श्री. ज्या खडकाने आजवर कोणास उत्तर दिले नाही त्यास नमन. विहिरीस, खजुरीस आणि वाचणाराच्या शंकेखोर डोळ्यांस नमन. राजाच्या राज्यारोहणाचे एकविसावे साल, खजूर पिकण्याचा महिना, ते दिवशी ही हकीकत लिहावयास घेतली. लिहिणारा कोण हे विचारू नये; जेथे घडली त्या राज्याचे नावही विचारू नये. वाळवंटात एक पाणवठा, भोवती तांबडे डोंगर, इतके पुरे.

ऐसीयास, त्या राज्याची चाल अशी की प्रतिष्ठित घराण्याने हयातीतच डोंगरात आपले थडगे कोरवून घ्यावे. काम माथ्यापासून सुरू होई. पाथरवट उभ्या कड्यात खाच पाडून तीवर उभा राही आणि माथ्याची नक्षी कोरी, आणि मग पायाखालचाच खडक फोडीत खाली खाली येई, आणि दार सर्वांत शेवटी करी. वरचे काम एकदा सुटले की पुन्हा हातास लागत नसे. दारावर गुळगुळीत पाटी, आणि तीवर आत निजण्याचा हक्क असणारांची नावे. पाटीवर नाव नाही त्यास आत ठेवू नये, आणि ज्या थडग्यास पाटीच नाही ते सर्वांचे, वाटसरूसही तेथे ठेवावे, ऐसा कायदा.

पाणवठ्याचे रखवालदार ओबैद सरदार थोर पुरुष, परंतु संशयी. पाणी आधी उंटास पाजीत, आणि उंट मेला नाही तर उंटही सामील असेल म्हणून दुसऱ्या विहिरीवर जात. त्यांनी झैदू पाथरवटाकडून अकरा वर्षांत थडगे कोरविले, आणि कोपऱ्यात कोणी दडून बसेल म्हणून आतील भिंती आणखी तासविल्या, तेणेकरून पाटीमागील भिंत आठच बोटे जाड राहिली. पाटीवर नावे सात: स्वतः सरदार, त्यांची स्त्री, धाकटी विधवा बहीण हिनातबाई, बाईंची मुलगी आमत, मेहुणा, चुलतभाऊ आणि कारकून. पैकी आमत सहा वर्षांची होऊन तापाने वारली, आणि डावीकडील पहिल्या कोनाड्यात प्रथम तीच निजली.

मग नावे उतरू लागली. दगडातील नाव पुसता येत नाही. सबंध पाटी बोटभर तासावी आणि राहिलेली नावे नव्याने कोरावी, हाच उपाय. चुलतभाऊ आत पाहून म्हणाले की जागा ऐसपैस आहे. सरदारांस वाटले, याने माप घेतले. पाटी तासली. कारकून यादी वाचताना सरदारांच्या नावापाशी खोकला. तासली. मेहुण्याच्या हातून दोन वर्षांत काहीच चूक घडली नाही, म्हणजे काही लपवितो. तासली. स्त्रीने आपला कोनाडा कोणता हे कधीच विचारले नाही, तेव्हा तिने दुसरीकडे जागा पाहिली असावी, म्हणून तासली. हुकूम ऐसा की दगडावरून उतरलेले नाव कागदावर चढू नये, म्हणून आम्ही या चौघांची नाती लिहिली, नावे लिहिली नाहीत.

राहिली तीन. हिनातबाई दर आठ दिवसांनी पाण्याची सुरई घेऊन थडग्यात जात आणि लेकीपाशी बसत, आणि बाहेर कमी व आत जास्त बोलत. सरदारांनी दाराशी कान लाविला, आणि ऐकले ते इतकेच की उंटीण व्याली, पिल्लू पांढरे आहे. सरदार तडक गोठ्यात गेले आणि पाहतात तो पिल्लू पिंगट. मग त्यांची खात्री जाहली की हा खुणेचा निरोप आहे. बाईंस बोलावून पुसिले. बाई म्हणाल्या की मुलीला पांढरे आवडे, म्हणून तसे सांगितले. सरदार म्हणाले की मेलेल्याशी जी खोटे बोलते ती जित्याशी काय करील, आणि नाव उतरविण्याचा हुकूम दिला. बाई पाया पडल्या नाहीत, रडल्या नाहीत.

"दादा, तिला एकटीला झोप येत नाही. तू निजशील तिच्याजवळ?"

"मी उजवीकडे. पाठ भिंतीला, तोंड दाराकडे."

"म्हणजे मेल्यावरही पहाराच."

येथून बाईंचे नाव लिहिण्यास मनाई. यापुढे
———— बाई
असे वाचावे.

झैदूने टाकीच्या मागच्या बाजूने पाटी ठोकून पाहिली, कान लावून पुन्हा ठोकली, आणि खाली उतरला.

"सरदार, आता तासू नये. आरपार जाईल."

"आठांतून चार बोटे गेली. चार उरली."

"आवाज दोन बोटांचा येतो."

"आवाजही फितूर झाला काय? माझ्या बहिणीने तुला काय दिले?"

"एकदा पाणी दिले होते. उन्हाळा होता," झैदू म्हणाला, आणि तोच हुकूम पाच माणसांदेखत पुन्हा वदवून घेतला, आणि मग शिडी चढला.

सरदार स्वतः आत जाऊन उभे राहिले, की भिंतीतून कोणी काही आत सारू नये. बाहेर झैदू तासू लागला. ———— बाई खाली वाळूत बसून वर पाहत होत्या. सरदारांचे नाव गेले, आमतीचे गेले, आणि बाईंचे जाताना टाकी मुठीपर्यंत आत शिरली आणि एक ढलपी सुटली, आणि ढलपीमागून सगळी पाटी. आत उजेडाचा पट्टा पडला तो थेट डावीकडील पहिल्या कोनाड्यावर. सरदार धुळीने माखून बाहेर आले आणि प्रथम हे विचारते जाहले की भोकातून आत कोणी कोणी पाहिले.

मग म्हणाले की नवी पाटी कोरावी. तर जागा कोठे? खाली दार, वर नक्षी, आणि ती नक्षी ज्या खडकावर उभे राहून कोरली तो कधीच फोडून टाकलेला. नवे थडगे घ्यावे तर सरदारांचे वय साठ, आणि पाथरवटावर विश्वास नाही. मग देवळाचे वृद्ध पुजारी आले आणि शिडी चढून भोकात हात घालून खात्री केली, आणि खाली येऊन कायदा सांगितला की पाटी नाही ते सर्वांचे. पाटीच नाही, तेव्हा मनाई तरी कोणाची? हिनातबाई. आम्ही हिनातबाई लिहितो. त्या चौघांचीही नावे लिहिली असती, परंतु इतकी वर्षे न लिहिल्याने ती आता नीट आठवत नाहीत.

आम्ही झैदूस एकांती विचारिले की दर खेपेस बोटभर तासावयाचे, तू दीड दीड बोट तासलेस काय.

"तुम्ही मोजले होते?"

मोजले नव्हते.

"मग दगडच आतून भुसभुशीत होता," तो म्हणाला, आणि टाक्या झोळीत टाकून चालता जाहला. आमचा त्यावर विश्वास नाही. आम्ही हे का विचारिले, याविषयीही आता आमच्या मनात शंका आहे.

एकूण हकीकत इतकी. सरदार तीन वर्षांनी वारले. तोपर्यंत आत दोन मिठाचे व्यापारी आणि एक अनोळखी म्हातारी निजली होती, त्यांच्यामध्ये त्यांस ठेविले. पुढे चार वर्षांनी हिनातबाई गेल्या. त्यांस सरदारांच्या समोरून आत न्यावे लागले. कोणी हरकत घेतली नाही. कोनाडा लहान होता, म्हणून मुलीस थोडे भिंतीकडे सरकविले आणि आईस जागा केली.