करंदीकर सरांच्या दोन बादल्या

ईरा, कबीर, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, मागे पाणी कोण ओततंय?" तेवढ्यात नेटवर्क गेलं, म्हणून लिहून कळवते. ते आमचे शेजारी करंदीकर सर. जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्याचं त्यांना अजून कोणी कळवलेलं दिसत नाही.

नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीत 'समतोल' हा शब्द जपून वापरावा लागतो. सोसायटीच्या सभेत मी एकदा म्हणाले, "दोन्ही बाजूंचं सारखंच ऐकू, म्हणजे समतोल राहील." सर ताडकन उठले. "सारखं म्हणजे समतोल नव्हे! प्रमाण बदलायचं थांबलं की समतोल. आपण बी.ए. का?"

मी एम.ए. आहे. सांगितलं नाही, सभा लांबली असती.

गेल्या वर्षी त्यांच्या पत्नीला, सुमनताईंना, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. वापरला नाही तर कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. व्यायामासाठी रबरी चेंडू दिला. ताईंनी तो खिडकीतून फेकला. डाव्या हाताने.

दुसऱ्या दिवशी सरांनी पॅसेजमध्ये दोन बादल्या मांडल्या. सगळं पाणी सरांच्या बादलीत, ताईंची रिकामी. सरांनी तांब्याने तिकडे ओतायचं, ताईंनी उजव्या हाताने वाटीने इकडे. सरांचं पाणी उतरतं तसा तांब्या कमी भरतो. ताईंचं चढतं तशी वाटी जास्त. शेवटी जितकं जातं तितकंच परत येतं. एकीत कमी, एकीत जास्त, पण दोन्ही पातळ्या जागच्या जागी. "बघा, ओतणं थांबलेलं नाही!" असं सर येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडून सांगतात. दूधवाल्याचं तोंडपाठ झालंय.

गुरुवारी नळाला पाणी नव्हतं, तरी पॅसेज ओला! मी भांडायलाच बाहेर आले. ताईंचा हात थरथरत होता, वाटी निम्मी सांडत होती. आणि सर तांब्या अर्धाच बुडवत होते, ताईंची बादली चढू नये म्हणून. प्रयोगाची रीडिंग जुळवून लिहिणाऱ्या पोरांना नापास करणारा हा माणूस!

"अहो, तांब्या पुरता बुडवा," ताई म्हणाल्या. "मला दिसतं."

"खांदा दुखतोय माझा."

"सकाळी माळ्यावरून बादल्या काढताना नव्हता दुखत. बुडवा."

सरांनी बुडवला. मान वर केली नाही. मी न भांडता फडकं आणायला आत गेले.

ताईंच्या उजव्या हातात अजून जीव आहे.