इनामदारभाईंचं लायसन

इनामदारभाईंना जगात सगळीकडे सूज दिसायची. शिक्रापूरच्या चौकात ट्रक अडकले की म्हणायचे, "रस्त्याला सूज हाय." मालक भडकले की, "सूज हाय, सांजंपर्यंत उतरंल." एका लग्नात दोन व्याही हमरीतुमरीवर आले, तेव्हा हा गृहस्थ मधे पडला आणि दोघांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दोन्हीकडनं सूज हाय. आधी जेवून घ्या." ते खरंच जेवायला बसले.

तसा त्यांचा दोष नव्हता. कुरकुंभला आमचा सांधेदुखीच्या गोळ्यांचा कारखाना होता. सूज उतरवणं हाच आमचा धंदा. इनामदारभाई तिथले केमिस्ट, मी स्टोअर सांभाळायचो. दोघंही शिरूरचे, त्यामुळे रोज त्यांच्या फटफटीवर मागे बसणं माझ्या नशिबी होतं. हा माणूस गाडी चालवताना मान वळवून बोलायचा. चहा चालत प्यायचा. मीटिंगमध्ये खुर्ची दिली तर तिच्यामागे उभा राहून तिचीच पाठ दाबत राहायचा. त्यांच्याशी पाच मिनिटं बोललं की आपणच गॅसवर दूध ठेवून आलोय असं वाटायला लागायचं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस या अस्वस्थ डोक्यात लायसन शिरलं. पुण्यातल्या एका सरकारी प्रयोगशाळेनं मेंदूतली सूज उतरवणारं एक औषधी द्रव्य शोधलं होतं. काही माणसं हळूहळू घर, नावं, आपण जेवलो की नाही हेही विसरत जातात, त्या आजारावर ते चालेल अशी आशा होती. पण प्रयोगशाळा काही गोळ्या बनवून विकत नाही. एखाद्या कंपनीनं लायसन घ्यायचं आणि पुढचं काम करायचं.

"सरकारनं शोधलंय, जगताप," ते मान वळवून मला सांगायचे. "म्हंजी तुमच्या-माझ्या पैशातनं. आन् नुसतं पडून हाय."

"समोर बघा," मी म्हणायचो.

आमचे मालक आप्पा हे मूळचे कवठे येमाईचे बागायतदार. अर्धं आयुष्य सोसायटीच्या निवडणुकांत गेलेलं. त्यांना लायसन म्हणजे रेशन दुकानाचं, नाहीतर बंदुकीचं. "कुणाच्या हातात हाय तेवढं सांगा," ते म्हणाले. "जाऊ, सत्कार करू, घिऊन येऊ." मिळणारच म्हणून नव्या शेडचा नारळही त्यांनी फोडून टाकला.

दोन जीपा निघाल्या. बरोबर शाल, श्रीफळ, फेटा आणि वजन पडावं म्हणून दोन माजी सरपंच. प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ किरकोळ अंगाचे, सज्जन गृहस्थ. काय होतंय हे कळायच्या आत त्यांच्या डोक्याला फेटा बांधून झाला होता. तो चष्म्यावर घसरत होता आणि ते एका हातानं सावरत आम्हाला समजावत होते.

"हे अजून फक्त उंदरांवर करून पाहिलंय."

आप्पांनी विचारलं, "उंदरांना बी इसर पडतो व्हय?"

"नाही. आम्ही पाडतो."

एका माजी सरपंचांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं असावं.

मग शास्त्रज्ञांनी मुद्द्याचं सांगितलं. लायसन म्हणजे विकायची परवानगी नव्हे. पुढच्या चाचण्या आपल्या खर्चानं करायचा तो हक्क. सगळं नीट जमलं तरी माणसाच्या हातात गोळी पडायला दहा-बारा वर्षं जातील, आणि न जमण्याचीच शक्यता जास्त. आप्पांनी नमस्कार केला आणि उठले.

परतताना लोणीकंद मागे पडल्यावर आप्पांनी जीपमध्ये विचारलं,

"इनामदार, तुम्हाला हे ठाव व्हतं?"

"व्हय, आप्पा."

"मग मला कशाला शाल घिऊन नाचवलंत?"

"घरातच हाय ह्यो आजार," इनामदारभाई म्हणाले. "आमची बायको. मागल्या बाजाराला भाजी आणाय गेली आन् घर कुठं ते इसरली."

मी रोज त्यांच्या मागे बसणारा माणूस. मला भाभींचं थोडं विसरणं माहीत होतं, इतकं नव्हतं.  आप्पांचा आवाज उतरला.

"पर धा-बारा वर्सांनी त्यांना काय उपेग?"

"तिला न्हाई. तिला मिळणार न्हाई, ते कळतंय मला. पर कुठंच कुणी काय करत न्हाई असं मनात आलं, की घास जात न्हाई आप्पा."

आप्पा नाही म्हणाले. वाईट वाटूनही नाहीच म्हणाले, कारण खर्च खरोखरच आमच्या झेपेबाहेरचा होता. पण नकार ऐकून घरी बसणारा हा माणूस नव्हे. आप्पा गोठ्यात गेले की हे गोठ्यात. आप्पा केडगाव स्टेशनवर पाहुणे आणायला गेले, तर गाडीच्या आधी इनामदारभाई हजर. खर्च वाटून घ्यायला तयार असलेली मुंबईची एक कंपनीही त्यांनी पत्रं लिहून-लिहून गाठली. शेवटी न्हाव्याच्या दुकानात अर्ध्या गालाला साबण असताना आप्पा म्हणाले, "करतो सही. दाढी तेवढी होऊ द्या."

सही झाली त्या दिवशी पेढे घेऊन आम्ही दोघं शिरूरला त्यांच्या घरी गेलो. वाटेत पहिल्यांदाच ते समोर बघून गाडी चालवत होते. घरात ती दोघं एकमेकांशी त्यांच्या हिंदीतच बोलायची, मराठी आमच्यासारख्या बाहेरच्यांशी. बायकोला कसं सांगायचं ते इनामदारभाई हिंदीत पुटपुटत होते, मला ऐकू येत होतं.

दार भाभींनी उघडलं.

"या जगतापभाऊ, लई दिसांनी," त्या मला म्हणाल्या. मग इनामदारभाईंकडे बघून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मराठीतच म्हणाल्या, "तुमी बी या दादा. आमचे हे येतीलच इतक्यात."

मी काही बोलणार होतो. इनामदारभाईंनी माझा दंड धरला.  हिंदी त्यांनी गिळून टाकली.

"भाभी, लायसन मिळालं, ते सांगाय आलो व्हतो."

"मिळालं?" भाभींचा चेहरा एकदम फुलला. "लई बेस झालं. त्यांचा समदा जीव त्यातच हाय बघा. आले की पयलं हेच सांगते."

"सांगा," इनामदारभाई म्हणाले आणि पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात दिला. "लई खूश व्हतील."