मातुश्रींनी दार राखिले त्याची हकिकत

श्रोते सावध असोत. पुढील मजकूर ऐकीव नव्हे. दार, उंबरठा आणि ओले मोजे यास साक्षी आहेत. राजश्री घरधनी परमुलखी भाड्याच्या दोन खोल्यांत बहुत वर्षे छावणी टाकोन होते, ते बँकेशी तह करोन एका रांगेतल्या एकसारख्या घरांपैकी एक घर हस्तगत करते जाहले, आणि मग घर लावण्याचे कामी मायदेशाहून मातुश्रींस पाचारण जाहले. मातुश्रींनी येताच पदर खोचला. फडताळे पुसिली, डबे मांडिले, आणि पडदे अद्याप दाखल नव्हते सबब दर्शनी खिडकीवर जुनी चादर चिमट्यांनी टांगोन आतली गोष्ट बाहेर दिसणार नाही ऐसा बंदोबस्त केला. मग शनिवारी सकाळी चहाचे समयी फर्माविले, "तुमचं घर लागलं. आता मला पोचवून या."

मातुश्रींनी येथेच राहावे हाच घरधन्यांचा मनसुबा. परंतु हापिसात मोठमोठ्या सभा गाजविणारी त्यांची जीभ मातुश्रींपुढे येताच टाळ्यास चिकटे. सबब "बघू" एवढेच बोलोन त्यांनी चहा संपविला आणि रिकामी खोकी बाहेर टाकण्याची मोहीम काढिली.

येथे मागील एक गोष्ट नमूद करणे जरूर. मातुश्री आल्या त्याच दिवशी घरधन्यांनी त्यांस सक्त हुकूम दिला होता की, आम्ही बाहेर असता कोणी वीजवाला म्हणोन येवो की पोलीस म्हणोन येवो, दार उघडू नये, खिडकीतून डोकावू नये, अनोळखी फोन घेऊ नये. हल्ली भामटे यंत्राने पोराचा आवाज काढोन आयांस लुबाडितात, सबब खुद्द आमच्या आवाजात कोणी पुकारिले तरी उघडू नये. मातुश्रींनी हुकूम गाठीस बांधिला.

तर घरधनी सपाता घालोन खोक्यांसहवर्तमान कचऱ्याच्या पेटीकडे कूच करिते जाहले, आणि मग उरले थर्माकोल घेऊन सूनबाई पिछाडीस निघाल्या, आणि मग वाऱ्याचा ऐसा झोत आला की दार धाडकन लागले. ते दार त्या मुलखीचे. लागले की कुलूप आपोआप पडे. किल्ल्या आत, फोन आत, कोट आत. बाहेर बोचरी थंडी आणि भुरभुर पाऊस. आत एकट्या मातुश्री.

घरधनी हसले. आपलीच आई, आपलेच दार, यात मसलत ती काय, ऐसे म्हणोन त्यांनी घंटी वाजविली आणि पुकारिले, "आई, मी आहे. उघड."

आत पावले आली, थांबली, आणि शांतपणे जबाब आला, "आवाज अगदी हुबेहूब काढलाय हो. पण माझ्या मुलानं बजावून ठेवलंय." आणि वरची साखळीही चढली.

दारास बाहेर पाहण्याचे भिंग होते, परंतु ते तिकडच्या उंच लोकांच्या मापाचे, मातुश्रींच्या डोक्यावर वीतभर. आणि स्टुलावर चढू नये हाही घरधन्यांचाच हुकूम. मग सूनबाई वकिलीस पुढे जाहल्या आणि गोड शब्दांत बहुत विनवित्या जाहल्या. मातुश्रींनी विचारिले, मुलाचा आवाज निघतो तर सुनेचा निघायला काय झालं?

इतक्यात शेजारचे बसचालक गृहस्थ गलबला ऐकोन कुमकेस आले. त्यांच्या फोनावरून मातुश्रींस फोन लाविला, तो आत वाजत राहिला. कुलूपवाल्यास विचारिले, तो म्हणे सायंकाळी येतो. मग बसचालक आपल्या भाषेत मोठ्याने सल्ला देऊ लागले की काच फोडावी, आणि तो परका आवाज ऐकोन मातुश्रींची खातरी पटली की ही टोळीच आहे. सबब बुटांचे कपाट ओढोन दारास लाविल्याचा आवाज बाहेर आला. बसचालक दोन पावले मागे सरले. घरधन्यांच्या अकलेने बांधिलेला कोट चहूबाजूंनी अभेद्य होता आणि घरधनी त्याच्या बाहेर होते.

मग मातुश्रींनी आतून शेवटचा सवाल टाकिला. "खरा असशील तर सांग, माझ्या मुलानं मला इथं कशाला आणलं?"

घर लावायला, हे उत्तर घरधन्यांच्या ओठांवर आले. परंतु थंडीने दात वाजत होते आणि मध्ये दार होते, तोंड दिसत नव्हते, त्या आडोशाने त्यांस बळ आले. "कामाला नाही आणलं, आई. तू नसलीस की घरी आल्यासारखं वाटतच नाही. जाऊ नकोस. इथंच राहा."

सूनबाईंनी डोळ्यांस बाही लाविली. बसचालकांस भाषेचे अक्षर कळले नाही, तरी त्यांनी टोपी काढिली. मग आतून जबाब आला, "हा नव्हेच. आमचा असं कधी बोलत नाही."

येथे घरधन्यांचा धीर सुटला. "आई, पुरे झालं हं तुझं. एक गोष्ट सांगितली की तिचं टोक गाठायचं. मोजे ओले झालेत माझे, उघड म्हटलं ना."

तत्क्षणी कपाट सरकले, साखळी पडली, "हा मात्र आमचाच" ऐसे उद्गार निघाले आणि दार उघडिले गेले.

मातुश्रींनी सूनबाईंस आत घेतले, पंचा दिला, आणि घरधनी शिरू लागताच चौकटीस हात आडवा लाविला. फर्मान जाहले, "त्याच्या आधी काय म्हणालास, ते परत म्हण."

घरधन्यांनी सपातांकडे पाहिले, बसचालकांकडे पाहिले. कोठेही आडोसा नव्हता. मग मातुश्रींच्या तोंडाकडे पाहोन ते सर्व पुन्हा बोलले. तो मजकूर दुसऱ्यांदा लिहिण्याचे प्रयोजन नाही.

मातुश्रींनी नाक ओढिले, हात काढिला. "मोजे बाहेरच काढ. माझी फरशी आत्ताच पुसलीय."

येणेप्रमाणे सदरहू घर फत्ते जाहले. बँकेच्या दप्तरी ते घरधन्यांच्या नावे आहे, तैसेच असो. अंमल मातुश्रींचा कायम जाहला, आणि घरधनी अनवाणी पायांनी, खाली मान घालोन, आपल्या आईच्या घरात दाखल जाहले.