हरणीची पसंती

ओट्यावर काचेचे पेले ओळीने मांडलेले पाहून विमलाबाईंना वाटले, पाहुणे येणार आहेत. प्रत्यक्षात नृसिंहराव पेयाची निवड करीत होते. तंत्रनिकेतनातून निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना व्यायाम सांगितला होता. आणि घामावाटे गेलेले क्षार धावणाऱ्याने योग्य प्रमाणात भरून काढावेत, असे त्यांच्या वाचनात आले होते. यंत्रासाठी वंगण निवडावे तितक्याच गांभीर्याने ते कामाला लागले. बाटलीतले निळे पेय फार गोड म्हणून बाद झाले. ग्लुकोजच्या पुडीने पोट फुगले. डबाबंद पेयाने अशी तरतरी आणली, की त्यांनी घरातले सगळे नळ दुरुस्त केले आणि तरीही झोप लागली नाही.

"अहो, पण धावणार कधी?" विमलाबाईंनी विचारले.

"आधी पेय निश्चित होऊ दे. पायाआधी भिंत कोण बांधतं?"

"दिवाळी तोंडावर आली. तुमचा पाया भरेना, माझी मोरी तेवढी भरली भांड्यांनी."

अखेर ते गूळ, लिंबू आणि सैंधव यांवर स्थिरावले; प्रमाण मात्र जुळेना. फसलेले मिश्रण ओतून देणे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते. परसाच्या भिंतीपलीकडे जयसिंगची म्हैस हरणी बांधलेली असे. त्याला विचारले तर तो म्हणाला, "घाला की मास्तर डोणीत! गूळ-मीठ म्हशीला वंगाळ न्हाय." त्यामुळे रोज सकाळी नृसिंहराव स्टीलची किटली घेऊन भिंतीपाशी जात आणि हरणी दगडी डोणीचा तळ चाटून स्वच्छ करी.

जयसिंगचा जीव या हरणीत अडकला होता. दिवाळीच्या पाडव्याला पेठेत म्हशी पळतात. शिंगे रंगवलेली, माथ्यावर मोरपिसे, गळ्यात कवड्यांच्या माळा. दावे नाही, काठी नाही. सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या, कानठळ्या बसवणाऱ्या मोटरसायकलवर धनी पुढे आणि केवळ त्याच्या ओढीने म्हैस मागे. गेल्या पाडव्याला हरणी भर रस्त्यात थांबून रवंथ करीत उभी राहिली होती. त्यावर पलीकडच्या आळीतला बाळासो इतका हसला, की जयसिंग चारचौघांत बोलून बसला, "औंदा माझ्यामागं पळाली न्हाय, तर तुझ्याच दावणीला बांधतो!"

पाडव्याला थोडे दिवस उरले असताना नृसिंहरावांचे प्रमाण जुळले. पांढरे बूट घालून, किटली हातात घेऊन ते रंकाळा तळ्याकडे धावायला निघाले. कोपऱ्यावर त्यांना आपल्या मागे धाप ऐकू आली. वळून पाहतात तो हरणी, गळ्यात तुटके दावे! मागोमाग मोटरसायकल फडफडवत जयसिंग आला. हरणीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

"काय ओ मास्तर! म्हस फितवली की माझी!"

"मी फक्त क्षार दिले, जयसिंगराव."

"आता पाडव्याला काय करू? बाळासोनं खुट्टा सुदीक रोवलाय!"

नृसिंहरावांनी क्षणभर डोळे मिटले. "आकर्षणाचा स्रोतच वाहनावर बसवायचा. किटली घेऊन मी मागे बसतो, हरणीकडे तोंड करून."

"म्हंजे उलटं?"

"उलटं."

"बसा. माझं तर समदंच उलटं झालंय."

पाडव्याच्या दुपारी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, गच्च्यांवर, झाडांवर माणसेच माणसे होती. मोटरसायकल कडाडली आणि हरणी निघाली. नृसिंहरावांनी आयुष्यभर यंत्रे पाहिली होती. पण असे काही पाहिले नव्हते. एवढा प्रचंड देह आणि त्यात एकही अवयव अनावश्यक हलत नव्हता. ओल्या पाषाणासारखी काळी पाठ उन्हात लखलखत होती, खुरांखालची जमीन त्यांना बसल्या जागी जाणवत होती. किटली हातात आहे, याचाही त्यांना विसर पडला.

तेवढ्यात गतिरोधक आला. किटलीचे झाकण उडाले. अर्धे पेय नृसिंहरावांच्या सदऱ्यावर सांडले, अर्धे इंजिनाच्या प्लगवर. क्षारयुक्त द्रव विजेचा उत्तम वाहक असतो, हे त्यांनी कित्येक पिढ्यांना शिकवले होते. मोटरसायकल दोनदा खोकून बंद पडली. हरणीही थांबली.

"थांबली रं थांबली!" बाळासो ओरडला. "जयसिंगराव, दावं आणू का?"

जयसिंगच्या तोंडावरचा रंग उडाला. ते पाहवेना म्हणून नृसिंहराव खाली उतरले आणि गुळाने चिकट झालेल्या सदऱ्यानिशी पळत सुटले. हरणी त्यांच्या मागे! लोकांनी शिट्ट्यांनी पेठ डोक्यावर घेतली.

"मास्तरामागं पळतीया!" बाळासोचा आवाज सगळ्यांवर चढला. "धनी मास्तर हाय व्हय?"

रस्ता संपता संपता नृसिंहरावांचा दम संपला. ते एका पायरीवर कोसळले. हरणीने त्यांची बाही एकदा चाटली. पार मागे, बंद मोटरसायकलपाशी, जयसिंग एकटा उभा होता. त्याने दोन्ही हात तोंडाशी नेले.

"हरणेऽऽ!"

हरणीने मान उचलली. कान पुढे झाले. ती वळली आणि आली होती त्याहून वेगाने, सगळा रस्ता कापत, थेट त्याच्याकडे सुटली. शिट्ट्या थांबल्या. कवड्यांचा आवाज तेवढा पेठभर घुमत राहिला. जयसिंगच्या छातीशी येऊन तिने खांद्यावर तोंड टेकले आणि तो धिप्पाड गडी तिच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. बाळासोने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

पुंगळी काढलेल्या मोटरसायकलच्या आवाजात ही हाक पाडव्याला पळताना तिला कधी ऐकूच आली नसणार, हे नृसिंहरावांच्या ध्यानात आले. 

ती पायरी ज्या घराची, तिथल्या ओळखीच्या अंबूबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या. "घ्या मास्तर. लई पळालासा."

नृसिंहरावांनी तांब्या तोंडाला लावला तो रिकामा होईपर्यंत खाली घेतला नाही. मग ते त्याच्या तळाकडे विस्मयाने पाहत राहिले.

"अंबूबाई, यात काय काय घातलंय?"

"पाण्यात?" अंबूबाई म्हणाल्या. "पाण्यात काय घालत्यात व्हय?"